पावसात फूटीचे नियम तेच, हिशेब वेगळा

१ ऑक्टोबर १९२७. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे ‘फूटी’च्या, व्हिक्टोरिया राज्यातल्या लीगचा अंतिम सामना होता, कॉलिंगवूड विरुद्ध रिचमंड. पावसानं मैदान चिंब झालं होतं. चार क्वार्टर, म्हणजे सामन्याचे चारही भाग, खेळून झाले तेव्हा फलकावर कॉलिंगवूडचे २५ गुण होते आणि रिचमंडचे १३. दोन्ही संघांनी मिळून तीन गोल केले होते (गुण कसे मोजतात ते पुढे येईलच). याच मैदानावर १९८९ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने १४४ गुण केले आणि जिलाँगने १३८.

मधल्या ६२ वर्षांत खेळ खूप बदलला हे खरं. पण २५-१३ आणि १४४-१३८ यांच्यातलं अंतर केवळ काळाचं नाही. पावसात ऑस्ट्रेलियन फुटबॉल नुसता अवघड होत नाही, त्यात कशाला किती मोल आहे तेच बदलतं. एरवी ज्या कौशल्यांसाठी खेळाडूंना डोक्यावर घेतलं जातं त्यांचा भाव उतरतो, आणि ज्या कामांकडे कोरड्या दिवशी कुणाचं लक्षही जात नाही ती कामं सामना जिंकून देतात. मला हा खेळ ओल्या मैदानावर अधिक आवडतो. कारण त्या दिवशी कुठला संघ परिस्थिती ओळखून स्वतःला बदलू शकतो, ते लख्ख दिसतं.

आधी खेळाची थोडी ओळख

मेलबर्नचं हे मैदान आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेनं इथेच ११२ धावा करून भारताला कसोटी जिंकून दिली होती. मार्च ते सप्टेंबर मात्र हे मैदान फुटबॉलचं असतं. ऑस्ट्रेलियात लोक या खेळाला लाडानं ‘फूटी’ म्हणतात. त्याचा जन्मच क्रिकेटपटूंच्या हिवाळ्यासाठी झाला. टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं, की थंडीच्या महिन्यांत क्रिकेटपटू सुस्तावू नयेत म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. म्हणजे थंडी, वारा, पाऊस या खेळाला पहिल्यापासून चिकटलेलेच आहेत.

मैदान लंबगोल आणि प्रचंड मोठं. मेलबर्नचं साधारण १६० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद. एका वेळी दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. लाथ मारलेला चेंडू कुणाचा स्पर्श न होता मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, त्याचे सहा गुण. मधल्या आणि कडेच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा एक गुण. म्हणून गुणफलक १२.८ (८०) असा लिहितात: बारा गोल, आठ बिहाइंड, एकूण ८०.

चेंडू हातात घेता येतो, पण फेकता येत नाही. तो लाथेनं पुढे पाठवायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. या दुसऱ्या प्रकाराला हँडबॉल म्हणतात. चेंडू घेऊन पळायचं असेल तर दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून किंवा टेकवून घ्यावा लागतो. ऑफसाइड हा प्रकारच नाही, त्यामुळे समोरचा खेळाडू चारही बाजूंनी येऊन धडकू शकतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मार्क’. लाथेनं किमान पंधरा मीटर आलेला चेंडू हवेतल्या हवेत, मध्ये कुणाचा हात न लागता झेलला, की तो खेळाडू सुरक्षित होतो. त्याला कुणी पकडू शकत नाही, शांतपणे पुढची लाथ मारायची मुभा मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून, दोन माणसांच्या वर उडून घेतलेले झेल म्हणजे या खेळाची शान. पाऊस सगळ्यात आधी याच गोष्टीवर घाव घालतो.

ओला चेंडू काय करतो

चेंडू लंबगोल आणि चामड्याचा. लीगमध्ये शेरिन कंपनीचा चेंडू वापरतात, दिवसा लाल आणि रात्रीच्या सामन्यांत पिवळा. चामडं पाणी पितं, त्यामुळे चेंडू थोडा जड होतो. पण खरी अडचण वजनाची नाही. हात आणि चामडं यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड बसत नाही. ओल्या साबणासारखा चेंडू बोटांतून सुटतो. कोरड्या दिवशी बोटांच्या टोकांवर थांबणारा झेल ओल्या दिवशी तिथून निसटून मागे उडतो.

लाथेचंही तसंच. या खेळात बहुतेक वेळा ‘ड्रॉप पंट’ मारतात. चेंडू उभा धरून खाली सोडायचा आणि तो जमिनीला लागायच्या आत पायाच्या वरच्या भागानं मारायचा. तो स्वतःभोवती उलटा गरगरत जातो, म्हणून हवेत स्थिर राहतो आणि झेलायला सोपा पडतो. चेंडू हातातून सोडतानाच जरा घसरला तर पायाला वेडावाकडा लागतो. टेकूचा पाय चिखलात रुतला किंवा सरकला तर जोर कमी पडतो. पन्नास मीटरवरून सहज गोल मारणाऱ्याला त्या दिवशी चाळीस मीटरही लांब वाटतात.

तिसरी गोष्ट उसळीची. लंबगोल चेंडूची उसळी एरवीही भरवशाची नसते, पण कोरड्या, टणक मैदानावर तो निदान वर तरी येतो. ओल्या गवतावर तो टप्पा पडून वर यायच्या ऐवजी सपाट घसरत पुढे जातो. मागून धावत येणाऱ्याच्या हातात तो येत नाही, पायाजवळून निघून जातो. पळताना चेंडू आपटून परत घेणंही धोक्याचं, म्हणून खेळाडू वाकून चेंडू गवतावर टेकवतात किंवा पंधरा मीटर व्हायच्या आतच लाथ मारून मोकळे होतात.

या तीन गोष्टींतून पुढचं सगळं निघतं. झेल कमी झाले की चेंडू जमिनीवर पडतो. जमिनीवर पडला की त्याच्याभोवती झुंबड होते. झुंबडीत टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून अडवणं, वाढतात, चेंडू अडकतो, पंच शिट्टी वाजवून तो पुन्हा वर टाकतात आणि पुन्हा तीच झुंबड. मोकळं मैदान असूनही छत्तीस माणसं एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसतात.

ताबा की जागा?

कोरड्या दिवशी चांगला संघ चेंडू सांभाळून खेळतो. मोकळ्या सहकाऱ्याला छोटी अचूक लाथ, त्यानं मार्क घ्यायचा, मग पुढच्याला. गरज पडली तर मागे, आडवं, मैदानाच्या दुसऱ्या कडेला. समोरच्यांची रचना विस्कटेपर्यंत थांबायचं आणि फट दिसली की घुसायचं. २०१३, २०१४ आणि २०१५ असं सलग तीन वर्षं विजेतेपद मिळवणारं ॲलिस्टर क्लार्कसनचं हॉथॉर्न अशा अचूक लाथांसाठी प्रसिद्ध होतं.

पावसात हे गणित उलटतं. समजा गोलापर्यंत जायला सहा लाथा आणि सहा झेल लागतात. कोरड्या दिवशी प्रत्येक झेल जवळजवळ खात्रीचा असतो. ओल्या दिवशी प्रत्येक झेलात निसटण्याची थोडी शक्यता आली, की सहाही नीट होण्याची शक्यता झपाट्यानं खाली येते. आणि निसटायचंच असेल तर कुठे निसटावं? आपल्या गोलापासून तीस मीटरवर निसटलं तर समोरच्याला आयता गोल. त्यांच्या गोलापासून तीस मीटरवर निसटलं तर आपलं फारसं बिघडत नाही, उलट पुन्हा संधी मिळते.

म्हणून ओल्या दिवसाचा पहिला नियम असा की चेंडू पुढे न्या, जमेल तसा न्या. उचलता येत नसेल तर ठोसा, ठोसता येत नसेल तर जमिनीवरूनच लाथाडा. या खेळात चेंडू हातात न घेता पायानं ढकलणं नियमबाह्य नाही, आणि तसा ढकललेला चेंडू मधल्या खांबांतून गेला तरी पूर्ण सहा गुण मिळतात. कोरड्या दिवशी असं करणाऱ्याला प्रशिक्षक ओरडतील, कारण त्यानं ताबा फुकट घालवला. ओल्या दिवशी त्याच माणसाला शाबासकी मिळते, कारण त्यानं वीस मीटर जागा कमावली.

हँडबॉलचा विचारही असाच. झुंबडीतून बाहेर पडायला एक हँडबॉल ठीक. पण दुसरा, तिसरा, मागे उभ्या असलेल्या माणसाला दिलेला चौथा, यांतला कुठला तरी निसटतोच आणि तोपर्यंत टॅकल करणारा अंगावर येतो. पावसात शहाणे संघ हँडबॉल केलाच तर पुढच्या दिशेनं करतात. नेमका माणसाच्या हातात नाही पडला तरी चालतं, त्याच्या पुढ्यात पडला म्हणजे झालं.

लाथ कडेच्या रेषेजवळून, सरळ लांब मारतात. २०२५ पर्यंत त्याचं एक कारण असं, की चेंडू तिथे हुकला तर बाहेर जाई, पंच तो परत आत टाकत, आणि तेवढ्यात आपली माणसं जमत. मैदानाच्या मध्यभागी हुकला तर समोरच्याला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात. फक्त एक सांभाळावं लागे: चेंडू मुद्दाम बाहेर घालवल्याचं पंचांना वाटलं तर समोरच्याला फ्री किक, म्हणजे कुणाच्या अडथळ्याविना लाथ मारायची मुभा, मिळे.

डेमियन हार्डविकच्या रिचमंडनं २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये विजेतेपद मिळवलं ते जवळपास याच तत्त्वावर, तेही बारा महिने. चेंडू ठोसत, ढकलत, अर्धवट का होईना पुढे न्यायचा, आणि तो जिथे पडेल तिथे समोरच्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. कोरड्या दिवशीही ते तसेच खेळत. त्यामुळे पाऊस आला की बाकीच्यांना सवयी बदलाव्या लागत, रिचमंडला फार काही बदलावं लागत नसे.

१६ ऑक्टोबर २०२० चा ॲडलेडमधला सामना मला यासाठी फार बोलका वाटतो. उपांत्य फेरी, रिचमंड विरुद्ध पोर्ट ॲडलेड, पावसानं निसरडं झालेलं मैदान. त्या वर्षी साथीमुळे क्वार्टर वीस मिनिटांऐवजी सोळा मिनिटांचे केले होते. शेवटी गुण झाले रिचमंड ६.१० (४६), पोर्ट ॲडलेड ६.४ (४०). दोघांचे गोल सारखेच, सहा-सहा. रिचमंड जिंकलं ते सहा बिहाइंड जास्त होते म्हणून. १००-१०० गुणांच्या सामन्यात एका गुणाच्या बिहाइंडला कुणी विचारत नाही, उलट तो हुकलेला गोल समजला जातो. ४६-४० च्या सामन्यात तेच बिहाइंड अंतिम फेरीचं दार उघडतात. आणि बिहाइंड मिळतात कशामुळे? चेंडू पुन्हा पुन्हा समोरच्याच्या टोकाला नेऊन ठेवल्यामुळे.

उंच माणसं, बुटकी माणसं

संघनिवडीत पावसाची चाहूल आधीच लागते. प्रत्येक संघात पुढच्या फळीत दोन-तीन उंच खेळाडू असतात, साधारण १९५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच. त्यांचं मुख्य काम हवेत मार्क घेणं. त्यांच्या पायाशी घुटमळणारे एक-दोन छोटे, चपळ खेळाडू असतात. मार्क निसटून खाली पडलेला चेंडू उचलायचा आणि वळता वळता गोल मारायचा, हे यांचं काम. कोरड्या दिवशी उंच माणूस नायक आणि छोटा त्याचा साथीदार. पाऊस पडला की भूमिका बदलतात. उंच माणसानं झेल घेतलाच पाहिजे अशी अपेक्षा नसते. त्यानं फक्त समोरच्यालाही झेल घेऊ द्यायचा नाही आणि चेंडू समोर खाली पाडायचा. पुढचं छोट्यांवर.

म्हणून शुक्रवारचा अंदाज बघून प्रशिक्षक तिसरा उंच खेळाडू वगळून त्याच्या जागी एक छोटा घेतात. कधी तर सामन्याच्या दिवशी, खेळ सुरू व्हायच्या आधी आयत्या वेळी बदल जाहीर होतो. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. उंच खेळाडू काढला आणि दुसऱ्या क्वार्टरला ऊन पडलं तर? मेलबर्नमध्ये एका दिवसात चारही ऋतू भेटतात असं तिथले लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. तिथला वर्षाचा पाऊस साधारण ६५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईत एका जुलैत त्याहून जास्त पडतो. पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर सरी येतात आणि जातात. एकाच सामन्यात पहिला क्वार्टर कोरडा, दुसरा भिजलेला, चौथ्याला नुसतं थंड वारं, असं घडू शकतं.

बचावफळीतही उलथापालथ होते. आजच्या बचावात एक-दोन उंच खेळाडू असे असतात की समोरून आलेली लांब लाथ मधल्या मध्ये झेलून तिथूनच हल्ला सुरू करतात. पावसात त्यांना झेलायचा मोह आवरावा लागतो. मूठ आवळून चेंडू जमेल तितका लांब ठोसायचा, शक्यतो कडेच्या रेषेकडे. झेलताना निसटला तर तो आपल्याच गोलासमोर पडणार, आणि तिथे समोरचा छोटा टपलेला असतो.

उभं कुठे राहायचं हेही बदलतं. कोरड्या दिवशी पाठीमागून उडून झेल घेता येतो. ओल्या दिवशी लाथा आखूड पडतात आणि चेंडू घसरत पुढे जातो, म्हणून समोर उभं राहणाऱ्याला फायदा. चेंडू वरून येत असेल तर एकानंच उडायचं, बाकीच्यांनी जमिनीवर पाय रोवून वाट बघायची. चेंडू उचलताना दोन्ही हात, वाकलेले गुडघे आणि छाती चेंडूच्या मागे, म्हणजे हातातून निसटलाच तर अंगाला अडेल. झेलही डोक्यावर हात ताणून घेण्यापेक्षा छातीशी घ्यायचा. हे सगळं शाळकरी मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात. मोठ्या लीगमधले मोठे खेळाडू पहिल्या सरीनंतर दहा मिनिटं तेच विसरलेले दिसतात, आणि सामने बऱ्याचदा त्या दहा मिनिटांत फिरतात.

रकमन, म्हणजे खेळ सुरू होताना वर टाकलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा दोन मीटर उंचीचा माणूस. तो एरवी चेंडू बोटांनी हळूच थोपटून नेमक्या सहकाऱ्याच्या ओंजळीत टाकतो. पावसात ही नजाकत चालत नाही, म्हणून अनेक रकमन सरळ मुठीनं चेंडू पुढे फटकावतात. मध्यफळीत मात्र धिप्पाड, खाली वाकून चेंडू खणून काढणारे खेळाडू सोन्याच्या मोलाचे होतात. कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स हा या जातीचा खेळाडू. २०२२ आणि २०२४ मध्ये त्याला लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं. दोघे अंगाला लोंबकळत असताना उभं राहून चेंडू बाहेर काढण्याची त्याची ताकद कोरड्या दिवशीही कामी येते, ओल्या दिवशी तिला पर्याय नसतो.

घसरण्याचा नियम

ओल्या गवतावर घसरत जाऊन चेंडू मिळवणं हा एकेकाळी सर्रास प्रकार होता. २०१२ मध्ये सिडनीच्या गॅरी रोहनच्या पायावर समोरचा खेळाडू घसरत आदळला आणि रोहनचा पाय मोडला. पुढच्या वर्षीपासून गुडघ्याखाली जोरानं धडकणाऱ्या खेळाडूविरुद्ध फ्री किक देण्याचा नियम आला. पहिल्यांदा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण हा नियम योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. त्यानं खेळाचं तंत्रही सुधारलं. आता आडवं पडून चेंडू मिळवण्यापेक्षा पायावर उभं राहून वाकणाऱ्याला फळ मिळतं.

दुखापतींचा विषय निघालाच आहे तर एक उलटी गोष्ट सांगायला हवी. ओलं मैदान धोक्याचं असं आपल्याला सहज वाटतं. पण डॉक्टर जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लीगमधल्या गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतींचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की कुणाचा धक्का न लागता होणाऱ्या अशा दुखापती पाऊस कमी असताना, मैदान कोरडं असताना जास्त होतात. कोरड्या मैदानात बुटाचे खिळे घट्ट रुततात, शरीर वळतं पण पाय वळत नाही, आणि ताण गुडघ्यावर येतो. मऊ मैदानात पाय सरकतो आणि गुडघा वाचतो.

२६ सप्टेंबर २००९

पावसातल्या फूटीचा एकच सामना बघायचा असेल तर २००९ ची फायनल बघा. सेंट किल्डानं त्या वर्षी पहिले १९ सामने ओळीनं जिंकले होते. समोर जिलाँग. मेलबर्नमध्ये थंडी, वारा आणि पावसाच्या सरी. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सेंट किल्डा सात गुणांनी पुढे होतं. शेवटी जिलाँग १२.८ (८०), सेंट किल्डा ९.१४ (६८).

हे आकडे जरा थांबून बघा. सेंट किल्डाचे नऊ गोल आणि चौदा बिहाइंड, म्हणजे तेवीस संधी गुणफलकावर लागल्या. जिलाँगच्या वीस. वर मी बिहाइंड पावसात सामना जिंकून देतात असं म्हटलं, इथे जास्त बिहाइंडवाला संघ हरला. दोन्ही खरं आहे. चेंडू समोरच्या टोकाला नेत राहिलं की संधी मिळतात, पण ओल्या पायानं, वाऱ्यात, तिरक्या कोनातून त्या संधी वाया जातात. म्हणून संधी कुठून घेतली हे महत्त्वाचं. अनुभवी संघ पावसात लांबून नशीब आजमावत नाहीत. ते चेंडू थेट गोलासमोरच्या चौकोनात पाडतात आणि तिथल्या गर्दीतून कुणी तरी तीन-चार मीटरवरून ढकलेल याची व्यवस्था करतात.

शेवटच्या क्वार्टरमध्ये गुण बरोबरीत असताना मैदानाच्या मध्यभागी चेंडू जमिनीवर सुटा पडला होता. जिलाँगचा मॅथ्यू स्कार्लेट तिथे पोचला. स्कार्लेट बचावफळीतला, त्याची जागा स्वतःच्या गोलासमोर. पण तो पुढे धावत आला होता. वाकून चेंडू उचलायला वेळ नव्हता, उचलला असता तर टॅकल झाला असता. त्यानं धावता धावता बुटाच्या टोकानं चेंडू टोचला, तो बाजूला गॅरी ॲब्लेटकडे गेला. ॲब्लेटनं लांब लाथ मारली, पुढच्या झुंबडीतून चेंडू पॉल चॅपमनला मिळाला आणि त्यानं गोल केला. जिलाँग पुढे गेलं ते गेलंच. सेंट किल्डाला त्या क्वार्टरमध्ये एकही गोल करता आला नाही. चॅपमन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण लोकांच्या तोंडी राहिला तो स्कार्लेटचा पाय.

मला त्या क्षणाबद्दल सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो, की तो अपघात नव्हता. वर्षानुवर्षं ‘चेंडू हातात घे’ असं शिकलेल्या माणसानं, सगळ्यात मोठ्या सामन्यात, क्षणार्धात, ती शिकवण बाजूला ठेवली. कारण आज चेंडू ओला आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

छताखालचं फुटबॉल आणि दवाची रात्र

एकेकाळी मेलबर्नच्या उपनगरांत प्रत्येक क्लबचं आपलं मैदान होतं आणि जुलैपर्यंत त्यातल्या बऱ्याच मैदानांचा मधला भाग निव्वळ चिखल होई. सेंट किल्डाचं मूरॅबिन तर त्यासाठी बदनाम होतं. पाहुण्या वेगवान संघाला अडकवायला तिथे आदल्या दिवशी मुद्दाम पाणी सोडतात अशी कुजबुज असे. १९७० मध्ये सुरू झालेल्या वेव्हर्ली पार्कला तर थंडी-पावसामुळे लोकांनी ‘आर्क्टिक पार्क’ नाव ठेवलं होतं. आता मैदानांखाली वाळूचे थर असतात, पाणी भराभर निचरून जातं. त्यामुळे गुडघाभर चिखलात माखलेले खेळाडू आता जुन्या चित्रफितींतच दिसतात. चेंडू ओला होतो, मैदान क्वचितच दलदल होतं. यानं ओल्या दिवसाचं तंत्रही थोडं बदललं: पाय रुतत नाहीत, म्हणून वेग टिकतो, आणि वेग टिकून हात निसटत असल्यामुळे चुका अधिक महाग पडतात.

उत्तरेकडे प्रश्न वेगळा आहे. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, डार्विन इथे हिवाळा कोरडा असतो, पण रात्री दव पडतं आणि हवेत दमटपणा असतो. आकाश स्वच्छ, तरी चेंडू निसटतो. दिव्यांखाली गवत चमकायला लागलं की समजावं, पहिल्या क्वार्टरचा खेळ आता चौथ्यात चालणार नाही. म्हणून अशा ठिकाणी कर्णधार आणि प्रशिक्षक सुरुवातीलाच गुण जमवायची घाई करतात. आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिथे खरा पाऊस आला तर तो आपल्याकडच्यासारखा येतो. मार्च २०१८ मध्ये केर्न्सला गोल्ड कोस्ट आणि नॉर्थ मेलबर्न यांचा सामना कोसळत्या पावसात झाला, दोन्ही संघांची बेरीज शंभरावर गेली नाही. गोल्ड कोस्ट जिंकलं.

दुसऱ्या टोकाला छत. मेलबर्नच्या डॉकलंड्स भागात २००० मध्ये उघडबंद होणाऱ्या छताचं स्टेडियम झालं. तिथे बारा महिने कोरडा, वेगवान खेळ चालतो. २००९ च्या सेंट किल्डाचं घरचं मैदान हेच होतं. म्हणून ते पावसात हरले असं काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. रॉस लायननं घडवलेला तो संघ समोरच्यावर दबाव टाकण्यासाठीच ओळखला जायचा आणि त्या दिवशीही तीन क्वार्टर तोच वरचढ होता.

छताचा वाद आता टास्मानियात पोचला आहे. २०२३ मध्ये त्या बेटाला लीगचा एकोणिसावा संघ मंजूर झाला तो हॉबार्टमध्ये छत असलेलं, सुमारे २३,००० आसनांचं नवं स्टेडियम बांधण्याच्या अटीवर. संघ २०२८ मध्ये उतरवायचा बेत आहे. ते स्टेडियम झालं की देशातल्या सगळ्यात थंड राज्यातला संघ घरचे बरेच सामने कोरड्यात खेळणार. पण अंतिम सामना २०५९ पर्यंत मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच होईल असा करार आहे, आणि तिथे मैदानावर छत नाही. टास्मानियाचा पहिला संघ निवडणाऱ्यांना ठरवावं लागेल, घरच्या मैदानासाठी वेगवान खेळ खेळणारे तीन उंच गोलमारे घ्यायचे, की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नला पडू शकणाऱ्या सरीसाठी जमिनीवरून चेंडू उचलणारा एक जास्तीचा छोटा खेळाडू.